बोनेट गार पाहिजे

गाडी बघायला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

"बोनेट गार पाहिजे," ते म्हणाले. "गरम गाडी काय, सगळ्यांचीच चांगली असती."

मी तोवर तीन आठवडे अभ्यास करत होतो. सॉफ्टवेअरवाल्याला अभ्यास म्हटलं की शीट उघडायची खोड असते, तशी मीही उघडली होती. रकाने होते मॉडेल, साल, किलोमीटर, कितवा मालक, मागितलेली किंमत आणि 'रिस्क'. शिवाय हजार-बाराशेचं एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवलं होतं. काडेपेटीएवढं ते यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं की गाडीचा संगणक काय म्हणतोय ते फोनवर दिसतं. बाबांकडे यातलं काहीच नव्हतं. एक अट होती, आणि खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल.

गाडी हवी होती ती त्यांच्यासाठीच. मागच्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत कळ आली. मी हैदराबादला होतो. चुलतभावाने शेजाऱ्यांचं दार वाजवून त्यांची बोलेरो मागितली, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर बाबांचं डोकं, आणि असा धर्माबाद ते नांदेड हा ऐंशी-एक किलोमीटरचा रस्ता. वेळेत पोचले, एक स्टेंट बसला, आठव्या दिवशी घरी आले. पण त्या रात्रीचं आईने नंतर मला सांगितलेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. म्हणाली, "शेजारी लग्नाला गेले असते त्या दिवशी, तर?"

नवी गाडी घेता आली असती. बँकेचे मेसेज रोज येतात, तुमचं कर्ज आधीच मंजूर आहे म्हणून. पण आमच्या अकरा जणांच्या टीममधून वर्षभरात चार जण कमी झाले. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि लॉगिन झालं, तर नोकरी आहे, असं दिवसाचं सुरू होणं मला माहीत आहे. सात वर्षांच्या हप्त्यावर सही करायला हात धजेना. जवळ साडेतीन लाख होते. त्यात येईल ती गाडी.

साडेतीन लाखांत नुसती गाडी बसवायची नाही, तिच्या पोटातलं पुढचं मोठं कामही बसवायचं, हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. म्हणजे शीटमध्ये होतं, पण कळलेलं नव्हतं.



आमच्या भागात जुनी गाडी घ्यायची म्हणजे आधी कुठल्या राज्यातली घ्यायची ते ठरवावं लागतं. धर्माबाद हे महाराष्ट्राचं टोक. बासर अर्ध्या तासावर, तेही तेलंगणात. निजामाबाद नांदेडपेक्षा जवळ. मिरचीच्या हंगामात बाजारात जेवढं मराठी ऐकू येतं तेवढंच तेलुगू. २०१८ साली तर तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला तेलंगणातच घ्या, अशी मागणी केली होती. त्यामुळे गावात एमएच-२६ इतक्याच सहज टीएस-१६ आणि जुन्या एपी-२५ पाट्या फिरताना दिसतात, आणि पलीकडची गाडी इकडच्यापेक्षा वीस-तीस हजारांनी स्वस्त सांगणारा कुणीतरी दर चहाच्या टपरीवर असतोच.

स्वस्ताईची दुसरी बाजू कागदात आहे. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिला आपल्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. इकडे पुन्हा नोंदणी, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कमी होऊन का होईना, पण इकडचा टॅक्स. तिकडे भरलेल्याचा परतावा मिळवायला वेगळे हेलपाटे. हे सगळं न करता पाच-पाच वर्षं गाडी चालवणारे लोक मला माहीत आहेत. ते नाका आला की गाणं बंद करतात.

मॉडेलचा प्रश्न मात्र पटकन सुटला. डिझेल डिझायर. आत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट, मारुतीच्या भाषेत डीडीआयएस. २००७ साली ते आपल्याकडे स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, रिट्झ, टाटाची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायला लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. पण रस्त्यावर इतक्या आहेत, की फिल्टर उमरीलाही मिळतो आणि इंजिन उघडलेला मिस्त्री तालुक्याला एक तरी असतोच. जुनी गाडी घेताना मला हे मायलेजपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दुर्मीळ गाडीवर प्रेम करायला शहर लागतं.



पहिली गाडी आम्ही निजामाबादच्या एका यार्डात बघितली. २०१५ ची, मीटरवर ६२ हजार. यार्डवाला म्हणाला, "डॉक्टर साब की गाडी है भय्या, हफ्ते में एक बार निकालते थे." जुन्या गाड्यांच्या धंद्यात डॉक्टर आणि बँक मॅनेजर सोडून कुणी गाडी विकतच नाही.

बाबा आधी बोनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. कोमट. मग ते बोनेट न उघडता ड्रायव्हरचं दार उघडून खाली वाकले आणि पायाशी काहीतरी बघत बसले. मी माझं यंत्र लावलं. फोनवर एकही फॉल्ट कोड नाही, सगळं हिरवं. मी खूश. मग सवयीने बाकीचे आकडे बघताना एका ओळीवर थांबलो. फॉल्ट कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हा आकडा संगणक वेगळा जपून ठेवतो. तो होता ३ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडीच्या तक्रारी पुसून टाकल्या होत्या. काय तक्रारी होत्या ते आता कळायला मार्ग नव्हता, पण तक्रारी होत्या.

मी बाबांना बाजूला घेऊन मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. क्लचचं रबर बघ."

क्लच पेडलचं रबर डाव्या कोपऱ्यात झिजून आतलं लोखंड दिसत होतं. ब्रेकचं नवंकोरं होतं, म्हणजे बदललेलं. स्टिअरिंगला नवं कव्हर, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. "आठवड्यातून एकदा चालवून हे होत नसतंय," बाबा म्हणाले. "ही गाडी दोन लाखाच्या वर चाललेली आहे."

मीटर मागे करणं हे आता पान्या-पकडीचं काम राहिलेलं नाही. आकडा काट्यांच्या मागच्या बोर्डावर एका बारक्या मेमरी चिपमध्ये असतो. तो वाचायचा, बदलायचा, परत लिहायचा. हे किती सोपं आहे हे मला माझ्या पेशामुळे माहीत आहे, आणि म्हणूनच मला तो आकडा बघायचाच नव्हता. पण रबराचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आकडा खोटा असू शकतो हे मला माहीत होतं. खरा कुठे लिहिलेला असतो ते बाबांना.

त्याच यार्डात दिल्ली पाटीची एक गाडी फारच स्वस्त होती. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली होती, आधी २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का. त्यामुळे तिकडच्या गाड्या खाली वाहत यायच्या. त्यात वाईट काहीच नाही, गाडी चांगलीही असू शकते. आणखी एक होती हैदराबादची. तिचा मागचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढला (हे व्हिडिओत शिकलेलं), तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबाद पाण्यात होतं, तेव्हा मी तिथेच पहिल्या मजल्यावरून बुडालेली पार्किंग बघितली होती. ही गाडी तेव्हाची की दुसऱ्या कुठल्या पुरातली, कोण सांगणार. पट्टा सोडला, तो गुंडाळून आत गेला, रेघ दिसेनाशी झाली.



लातूरची गाडी मला ऑनलाइन दिसली होती आणि मी ती शीटमध्ये लाल करून ठेवली होती. २०१४ ची, दुसरा मालक, १ लाख ७४ हजार किलोमीटर. मालक औषध कंपनीचे प्रतिनिधी. रोज लातूर, उदगीर, निलंगा, देगलूर. बाबांनी शीट बघताना बोट नेमकं त्या लाल ओळीवर ठेवलं.

"ही बघू."

"बाबा, पावणेदोन लाख चाललीय ती."

"सांगायला तरी लागलाय ना माणूस."

आदल्या रात्री लातुरात आत्याकडे मुक्काम केला. सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात. मालक बिचारे दात घासत बाहेर आले. बाबांनी बोनेटवर हात ठेवला, गार. मान हलवली. मग रुमाल काढून मला सायलेन्सरच्या मागे उभं केलं आणि म्हणाले, "मी म्हणंल तेव्हा धर."

मालकांनी किल्ली फिरवली. अर्ध्या दमात गाडी चालू झाली, आणि पहिले दोन सेकंद आतून एक आवाज आला. डब्यात खिळे हलवल्यासारखा. मग थांबला.

मालक म्हणाले, "डिझेलला एवढा आवाज असतोच."

"आणखी एकदा बंद करून चालू करा." केली. आता आवाज नाही. बाबा माझ्याकडे वळले. "चेन बोलायली."

या इंजिनात टायमिंगला पट्टा नसतो, साखळी असते. खाली क्रँक फिरतो, वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात, आणि दोघांचा ताळमेळ ती साखळी ठेवते. ती इंजिन ऑइलमध्येच पळते आणि तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो. सकाळी पुन्हा चढेपर्यंतचे एक-दोन सेकंद साखळी सैल असते. नवी असेल तर गप्प बसते. ऑइल वेळेवर न बदलता, किंवा कमी पातळीवर गाडी ओढली असेल, तर साखळीचा एकेक सांधा झिजून ती लांबते आणि मग सकाळी वाजते. फारच लांबली तर एखादा दात चुकवते. मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच वेळी एकाच जागी येतात, आणि पुढचं बिल इंजिनचं असतं.

म्हणूनच बोनेट गार पाहिजे. यार्डातल्या कोमट गाडीची चेन असली तरी ती त्या दिवशी बोलली नसती.

रुमालावर काजळी आली, पण तेलाचे ठिपके नाहीत. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनावर तळहात धरला; धूर ढुसण्या मारत नव्हता, म्हणजे रिंगा बऱ्या. पेडलचं रबर पावणेदोन लाखांना शोभेल असं झिजलेलं. मालकांनी घरातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात सगळ्या सर्व्हिसची बिलं. ती मी आत्याच्या ओट्यावर बसून तारखेप्रमाणे लावली. पहिल्या मालकाच्या काळात दोन बिलांमध्ये एकदा तेवीस हजार किलोमीटरचं अंतर होतं. चेन तिथे लांबली असणार. बग सापडल्यावर जसं जुन्या कमिटमध्ये बोट ठेवता येतं, तसं वाटलं मला.

"घेऊ," बाबा म्हणाले. मला वाटलं होतं ते आवाज ऐकून नको म्हणतील. "हिला काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे. त्या निजामाबादवालीला काय झालंय ते तुला तुझ्या मशीनलाबी ठाऊक नाही."

मालक २ लाख ८५ सांगत होते, चेनच्या नावाने वीस कमी झाले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधारचे ओटीपी, विमा चौदा दिवसांत नावावर करायचा हे मी त्यांनाच दोनदा बजावलं, जणू काही तेच विकत घेत होते.



परतीच्या रस्त्यावर बाबांनी आधी एसी बंद करायला लावला, मग गाणी, मग काचा खाली. उदगीर मागे पडेपर्यंत ते नुसते ऐकत होते. खड्डा आला की म्हणायचे, "डावा लोअर आर्म." चढावर चौथ्यात गाडी जराशी अडली की, "क्लच वर्षभर."

मी त्यांना माझी शीट समजावली. पुढच्या दोन वर्षांत काय काय निघू शकतं, ते निघायची शक्यता किती आणि खर्च किती. चेन चाळीस टक्के, पंधरा हजार. क्लच साठ टक्के, दहा हजार. टर्बो, इंजेक्टर, सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी इंजिनचं पूर्ण काम, आठ टक्के, साठ हजार. शक्यता गुणिले खर्च, सगळ्यांची बेरीज २९,४००. भागिले चोवीस महिने. "म्हणजे महिन्याला सव्वाबाराशे बाजूला टाकले की झालं."

चेन चाळीस टक्के हे मी सकाळचा आवाज ऐकायच्या आधी लिहिलेलं होतं, आणि बदललेलं नव्हतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. देगलूरच्या अलीकडे म्हणाले, "सरासरी खर्च कधी येत नसतोय. येतो तेव्हा सगळा येतो. इंजिन बसल्यावर त्याला काय म्हणणार, हे घे सव्वाबाराशे, बाकीचं दर महिन्याला?"

आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, ते जीपबद्दल बोलले.

आमच्याकडे एक काळी-पिवळी जीप होती हे मला माहीत आहे. मी तिच्या बोनेटवर बसलेला एक फोटो आहे. ती धर्माबाद-करखेली-उमरी चालायची, आणि एक दिवस नव्हती, आणि बाबा मिरचीच्या अडतीवर काट्यावर जायला लागले. घरात यापुढे कुणी काही बोलत नसे. मी नऊ वर्षांचा होतो. विचारायचं नसतं एवढं कळत होतं.

२००४ साली घेतली होती, १ लाख १० हजाराला. बाबांची सगळी शिल्लक आणि आईचं गंठण. "एक रुपया मागं ठेवला नव्हता," ते म्हणाले. "वाटलं, गाडी आली की गाडीच कमवंल." दोन वर्षं कमावलंही. मग टेंपरेचरचा काटा बंद पडला. दोनशे रुपयांचं काम. पण तेव्हा शाळा सुरू व्हायची होती, माझी वह्या-पुस्तकं होती, काटा बंद असला तरी गाडी पळत होती. मे २००६, दुपारी बाराचा सुमार, चौदा माणसं आत आणि चार टपावर, रेडिएटरचा पाइप फुटला आणि ते कळायला काटा नव्हता. करखेलीच्या अलीकडे इंजिन धरलं.

मिस्त्रीने ४२ हजार सांगितले. क्रँक घासायचा, लायनर-पिस्टन, बेअरिंग, हेड. बाबांकडे काहीच नव्हतं. गावातल्या एका माणसाने शेकडा पाच महिन्याने वीस हजार दिले. वीस हजारांत पूर्ण काम होत नाही. म्हणून अर्धं केलं. रिंगा आणि बेअरिंग बदलले, क्रँक तसाच बसवला. चार महिन्यांनी त्याच क्रँकने नवे बेअरिंग खाल्ले. जीप ३५ हजाराला गेली, त्यातले बहुतेक व्याजवाल्याकडे. ज्याने घेतली त्याच्याकडे चाळीस हजार होते. त्याने सगळं काम एकदम केलं आणि तीच जीप त्याच रस्त्यावर आणखी सात वर्षं चालवली.

ती सात वर्षं मला आठवतात. मामाच्या गावाला आम्ही करखेलीला त्याच जीपने जायचो. नवा मालक आईकडून पैसे घ्यायला नको म्हणायचा आणि आई ते त्याच्या सीटवर ठेवायची. प्रत्येक वेळी. मला वाटायचं ती त्याच्यावर चिडलेली आहे.

"इंजिन सगळ्यांचंच बसतंय," बाबा म्हणाले. "त्याचं बसलं असतं तर त्याची गाडी दुरुस्त झाली असती. माझी विकली."

मी गाडी चालवत होतो, त्यामुळे मला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. माझ्या शीटमध्ये आठ टक्के गुणिले साठ हजार म्हणजे ४,८०० होते. गणित बरोबर होतं. फक्त ते ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं गणित होतं; हजार गाड्या असलेल्या विमा कंपनीचं. एकच गाडी असलेल्या माणसाला सरासरी भेटतच नाही. त्याच्या वाट्याला काही तरी शून्य येतं, नाही तर साठ हजार येतात.

बिलोलीच्या पुढे गोदावरी ओलांडली तेव्हा नदी भरलेली होती. बाबा म्हणाले, बाभळीची दारं टाकलेली दिसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने त्या बंधाऱ्याची दारं दर वर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचलून ठेवायची असतात, पावसाळ्याचं पाणी खाली तेलंगणाला जायला. नंतर टाकायची, आणि उरलेलं आमचं. आमच्याकडे शिल्लक म्हटलं की अशीच असते, दुसऱ्याचं वाहून गेल्यावर आडवलेली.



घरी आल्यावर बाबांनी एक वही काढली. अडतीवर मिळते तसली, लाल पाठीची लांब वही. पहिल्या पानावर गाडीचा नंबर लिहिला आणि खाली 'शिल्लक ८०,०००'. साडेतीन लाखांतून गाडी, विमा आणि कागद जाऊन उरलेले एवढेच होते. मला त्यातून नवे टायर, कॅमेरा आणि टचस्क्रीन घ्यायचा होता. टायरला परवानगी मिळाली, तीही आणखी दहा हजार किलोमीटरनंतर. ते पैसे वेगळ्या खात्यात टाकले, आणि त्याचं एटीएम कार्ड माझ्याकडे नाही, आईकडे आहे.

चेनचं काम पंधरा दिवसांत काढलं. गाडी वापरायच्या आधीच काढायचं, हा बाबांचा हट्ट. गावातले उस्ताद म्हणाले, "अभी चल जाएगी ना भाई, छे महिना तो कहीं नै गया." बाबा म्हणाले, "हौ, जाएगी. रात को दो बजे जाएगी."

दोन दिवस लागले. मी सुट्टी काढून गॅरेजमध्ये स्टुलावर बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर, मिरचीचा ठसका घशात. फेब्रुवारीत धर्माबादला स्टेशनवर उतरलं तरी हा ठसका लागतो. त्यात गॅरेज मार्केटच्या पाठीशी. क्रँक आणि कॅमला पिना मारून जागेवर पक्कं केलं, कव्हर उघडलं, जुनी चेन काढली. उस्तादांनी नवी आणि जुनी, दोन्ही एकाच पेचकसावर लटकवून माझ्यासमोर धरल्या. जुनी करंगळीच्या नखाएवढीच खाली येत होती. टेन्शनर जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला. त्यानंतर त्याला जायला जागाच नव्हती.

"कितने दिन थे इसके?" मी विचारलं.

उस्तादांनी चेन हाताने चाळवून बघितली. "बोल नै सकते. साल भी जाती. कल भी जाती."

किट, गॅस्केट, ऑइल, मजुरी मिळून १६,४००. मी शीटमध्ये चेनपुढचे चाळीस टक्के खोडून शंभर केले. बाबांनी वहीत आकडा लिहून खाली रेघ मारली. शिल्लक ६३,६००. जुनी चेन त्यांनी मागून घेतली. ती आता देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. आई दर शनिवारी विचारते, हे टाकू का.

गाडी धर्माबादलाच असते. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. चुलतभावाला, त्याच्या बायकोला आणि समोरच्या घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला, तिघांनाही ती चालवून दाखवली आहे; बाबांना त्या वेळी चालवता येणार नाही हे त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या छातीबद्दल बोलतायत. अजून तशी वेळ आलेली नाही. नांदेडला तपासणीला मात्र तिघं मिळून जातात. आई पुढे बसते आणि काच खाली ठेवते.

रोज सकाळी साडेसहाला मला व्हॉट्सॲपवर एक आवाज येतो. आठ-दहा सेकंदांचा. गार गाडीला किल्ली, इंजिन, मग बंद. बाबा त्यात सहसा काही बोलत नाहीत. मी हैदराबादला अंथरुणातच कानाला फोन लावून पहिले दोन सेकंद ऐकतो आणि अंगठा पाठवतो. मधल्या काळात डावा लोअर आर्म झाला, ३,८००. बॅटरी झाली. नंबर प्लेट बदलून घ्यायची होती, २०१९ च्या आधीची गाडी म्हणून, तीही झाली. २०२९ ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पुन्हा नोंदणीचे पाच हजार आणि ग्रीन टॅक्स. ते वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलेलं आहे.

आजच्या आवाजात इंजिन बंद झाल्यावर थोडी शांतता होती, मग मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर, आणि मग बाबा म्हणाले, "क्लच वर धरायलाय. दिवाळी काढंल. तू यायच्या आधी उस्तादला विचारून ठेवतो."